कुरतडलेल्या पानांची बाग: गॅलरीत पाखरं-फुलपाखरं यावीत म्हणून वर्षभर काय करायचं

गेल्या श्रावणात आमच्या कढीपत्त्याला एकही धड पान उरलं नव्हतं. पोह्यांसाठी तेल तापत ठेवून आई गॅलरीत गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. "तुझ्या त्या अळ्यांना सांग, रविवारची तरी चार पानं ठेवा म्हणावं." तोवर इकडे मोहरी करपली होती.

गॅलरीत, गच्चीवर किंवा तळमजल्याच्या चिंचोळ्या पट्टीत पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या याव्यात असं ज्यांना वाटतं, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटायला नको. अशा बागेतली पानं खाल्ली जातात. जायलाच हवीत. अळीचं फुलपाखरू होतं हे आपण शाळेत शिकलो, पण अळी म्हणजे चिमणीच्या पिल्लाचा घास, हे फारसं कुणी सांगत नाही. चिमणी स्वतः दाणे टिपते, पिल्लांना मात्र किडे आणि अळ्या भरवते. फुलातला रस पिणारा शिंजीर, ज्याला आपण सूर्यपक्षी म्हणतो, तोही पिल्लांच्या चोचीत कोळी आणि बारीक किडेच घालतो. अख्खी, चकचकीत, हिरवीगार पानं हवी असतील तर खुशाल शोभेची झाडं लावा. त्यात वाईट काही नाही. मग पक्षी का येत नाहीत म्हणून मात्र विचारू नका.

मी पुण्यात राहतो. दुसऱ्या मजल्यावर दहा बाय चार फुटांची, पूर्वेला उघडणारी गॅलरी, आणि पार्किंगच्या मागची एक पट्टी, जिच्याकडे सोसायटीत कुणाचं लक्ष नव्हतं म्हणून मला मिळाली. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात आणि गोव्यात त्याच्या चौपट, त्यामुळे तिकडच्यांनी कुंडीच्या निचऱ्याकडे जास्त बघावं. विदर्भातल्यांनी उन्हाळ्यातल्या पाण्याची पायरी जास्त मनावर घ्यावी. बाकी फार फरक पडत नाही.

पायरी १: आधी पाणी (मार्च ते मे)

नर्सरीत धावायची घाई करू नका. उन्हाळ्यात आणलेलं रोप जगवता जगवता नाकी नऊ येतात. उन्हाळ्यात फक्त पाणी ठेवा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर फळ देणारी पायरी हीच.

मातीचं पसरट भांडं घ्या. परळ मिळाला तर उत्तम, नाहीतर कुंडीखालची मातीची ताटली चालते. प्लॅस्टिक आणि स्टील उन्हात तापतं. पाण्याची खोली दोन बोटं, त्याहून जास्त नको. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकायला जागा होते आणि पाण्यात पडलेल्या मधमाशीला चढून बाहेर येता येतं. भांडं सावलीत आणि जमिनीपासून तीन-चार फूट उंच असावं. अगदी झुडपाला चिकटून ठेवलं तर मांजराला दबा धरायला आयती सोय होते, आणि पार उघड्यावर ठेवलं तर पक्षी बिचकतात. दोन-तीन पावलांवर एखादं झाड किंवा निदान ग्रिल असलं की ते आधी तिथं बसतात, मान वाकडी करून बघतात आणि मग उतरतात.

पाणी रोज बदला. नुसतं ओतून नवीन भरू नका, नारळाच्या शेंडीनं भांडं आतून घासा. डासांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात. पाणी फेकलं तरी ती तशीच राहतात आणि पुन्हा भरलं की फुटतात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे "चार दिवस गावाला जातोय" असं असेल तर भांडं पालथं घालून जा.

पहिले येतात बुलबुल. मग साळुंक्या, त्यांच्या अंघोळीनं अर्धं भांडं रिकामं होतं. मधमाश्यांना पाणी द्यायचं असेल तर वेगळी ताटली, त्यात खडी आणि ओला काथ्या. साखरेचं पाणी नको.

आता दाण्यांबद्दल. नवीन माणूस हौसेनं तांदूळ टाकतो आणि आठवड्याभरात गॅलरी पारव्यांच्या ताब्यात जाते. ही चूक मी केलीय. एसीच्या मागं पारव्यांनी घर केलं, विष्ठेचा थर साचला, आणि तो काढायला मास्क लावून एक रविवार गेला. ती वाळलेली विष्ठा आणि पिसांची धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते. २०२५ मध्ये मुंबईतल्या कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला तो याच मुद्द्यावरून. दाणे घालायचेच असतील तर ज्वारी-बाजरीचं अख्खं कणीस दोरीनं अधांतरी टांगा. चिमण्या आणि मनोल्या (चिमणीसारखेच छोटे, दाणे टिपणारे पक्षी) त्याला लटकून खाऊ शकतात. पारव्याला ते जमत नाही, तो खाली सांडलेलंच टिपतो, म्हणून खालचं झाडून घ्या. त्याहून सोपं म्हणजे जूनमध्ये एका पसरट कुंडीत मूठभर बाजरी पेरायची. कणसं धरली की ठिपकेवाल्या मनोल्या आपणहून शोधत येतात.

पायरी २: मृगाला लावणी (जून)

पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की रोपं आणा. इथं बहुतेक जण फसतात. फुलपाखरं हवीत म्हणून फुलझाडं आणतात. फुलझाडांवर फुलपाखरू येतं, रस पितं आणि निघून जातं. घरी राहायला ते अंडी घालायच्या झाडावर येतं, आणि हे झाड जातीगणिक ठरलेलं असतं. अळी दुसरं काही खात नाही, उपाशी मरते. या झाडांना खाद्यवनस्पती म्हणतात. यादी लांबलचक आहे, पण कुंडीत येणारी आणि हमखास चालणारी सांगतो.

कढीपत्ता आणि लिंबू ही सुरुवात. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन्ही मोठी फुलपाखरं यांवर अंडी घालतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, जे जून २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याच्याही अळ्या लिंबाच्याच कुळातली पानं खातात. राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पानफुटी आणली तर तिच्यावर रेड पिरो येतं, पांढऱ्या-काळ्या-केशरी रंगाचं इवलंसं फुलपाखरू. त्याची अळी पानाच्या आत शिरते आणि वरची-खालची साल ठेवून मधला गर खाते. उजेडाकडे धरलं तर पान पातळ कागदासारखं दिसतं आणि आत काहीतरी हळूहळू सरकतं. पानफुटीला पाणी कमी लागतं, ऊन कमी चालतं, म्हणजे ज्यांची गॅलरी उत्तरेकडे आहे त्यांनाही सबब नाही.

कृष्णकमळाच्या वेलावर टॉनी कॉस्टर. कण्हेरीवर कॉमन क्रो, ज्याचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. रुईवर प्लेन टायगर. कुंडीत रुई लावलेली बघून शेजारचे काका "मारुतीला वाहायला का?" असं विचारतात, तेव्हा हो म्हणावं. जमीन असेल तर सीताफळ लावा, त्यावर टेल्ड जे येतं. घरात लहान मूल असेल तर मात्र कण्हेर आणि रुई दोन्ही टाळा. कण्हेर विषारी आहे आणि रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

कढीपत्ता दोन कुंड्यांत लावा. एक अळ्यांचा, एक फोडणीचा. फोडणीच्या कढीपत्त्यावर मच्छरदाणीचं कापड घालून खाली सुतळीनं बांधा. आमच्या घरातला तह अखेर याच कलमावर झाला.

कुंडी १२ ते १४ इंची. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, आणि वाळका पालापाचोळा चुरून दोन मुठी. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा. कोकणात तळाशी विटांच्या तुकड्यांचा चांगला जाड थर द्या आणि कुंडी विटांवर उचलून ठेवा, नाहीतर जुलैत मुळं सडतात.

नर्सरीतून आणलेल्या रोपावर बऱ्याचदा औषध मारलेलं असतं. पान तजेलदार दिसतं आणि त्यावरची अळी दुसऱ्या दिवशी लोळागोळा होऊन पडते. नवीन रोप तीन-चार आठवडे तसंच वाढू द्या, नवी पालवी फुटू द्या. तोपर्यंत त्यावर अंडी दिसली नाहीत तर बरंच आहे.

रसासाठीची फुलझाडं आता. तुळस, सब्जा, पेंटास, एक्झोरा, एकेरी पाकळ्यांची जास्वंद. पाकळ्यांची गर्दी असलेली गुबगुबीत जास्वंद किंवा झेंडू दिसायला छान, पण आत रसापर्यंत तोंड पोचत नाही. हमेलियाची केशरी नळकांडी फुलं शिंजीराला फार आवडतात. झाड मूळचं परदेशी आहे, पण पसरत सुटत नाही म्हणून मी ठेवलंय. घाणेरी मात्र लावू नका, कितीही फुलपाखरं येवोत. तिनं आपल्या रानांची काय दशा केलीय ते कुठल्याही टेकडीवर जाऊन बघा. पिवळा कॉसमॉसही घाटरस्त्यांच्या कडेनं तसाच फोफावलाय. तो गॅलरीत लावला तर बी बाहेर जाऊ देऊ नका, किंवा लावूच नका. तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, कारण झाड जास्त टिकतं. दोन तुळशी असतील तर एकीच्या खुडा आणि दुसरीच्या राहू द्या, आणि सकाळी नऊच्या सुमाराला तिच्यापाशी जाऊन नुसता कान द्या.

पायरी ३: काही न करणं (जुलै-ऑगस्ट)

सगळ्यात अवघड पायरी. हात शिवशिवतात.

कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं दिसेल. मादी एका जागी एकच घालते, मग पुढच्या शेंड्यावर दुसरं. तीन-चार दिवसांनी त्यातून बारीक अळी निघते, तपकिरी, मधे पांढरा डाग. पहिल्यांदा बघाल तेव्हा वाटेल, चिमणी शिटून गेली. तसंच वाटावं ही तिची युक्ती. पक्षी विष्ठा कशाला खाईल? आठवड्याभरात ती भराभर वाढते आणि एक दिवस कात टाकून अचानक हिरवीगार होते. आता ती पानाच्या मधल्या शिरेवर बसली की डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

काडीनं तिला हलकेच डिवचून बघा, एकदाच. डोक्यामागून दुभंगलेली तांबूस शिंगं झटकन बाहेर येतात आणि सडक्या संत्र्यासारखा उग्र वास सुटतो. दोन-तीन सेकंदांत शिंगं पुन्हा आत. माझ्या भाचीनं हे बघितलं आणि पुढचा अर्धा तास प्रत्येक पाहुण्याला गॅलरीत ओढत नेलं. शेवटी मला अळीची बाजू घ्यावी लागली.

शेवटच्या चार-पाच दिवसांत ती जी खाते ते बघून पोटात गोळा येतो. दोन फुटी रोपाला तीन-चार अळ्या म्हणजे पुष्कळ. त्याहून जास्त असतील तर काही अळ्या फांदीसकट दुसऱ्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर हलवा. झाड मरत नाही, पंधरा दिवसांत पुन्हा पालवतं. मग अळी कुठंतरी आडोशाला जाते, कमरेभोवती रेशमाचा एक दोर बांधते आणि कोष होते, हिरव्या काडीवर हिरवा, वाळक्या काडीवर तपकिरी. साधारण आठ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी लवकर, फुलपाखरू बाहेर येतं.

पहिल्या वर्षी मी दोन अळ्या काळजीपोटी काचेच्या बरणीत ठेवल्या होत्या. कोष बरणीच्या झाकणाला लागला आणि फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा त्याला पंख लोंबते सोडून वाळवायला जागाच नव्हती. पंख चुरगळलेले राहिले ते राहिलेच. तेव्हापासून मी काही आत आणत नाही. बाहेर बुलबुल टिपतो, गांधीलमाशी नेते, कोषातून कधी फुलपाखराऐवजी बारीक परोपजीवी माश्या निघतात. दहा अंड्यांतून एक-दोन फुलपाखरं उडाली तरी बाग नीट चाललीय असं समजा.

औषध म्हणून काहीही मारायचं नाही. कडुनिंबाचं तेलसुद्धा नाही. ते "नैसर्गिक" असलं तरी अळीला ते कळत नाही. माव्याचा, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांचा, सुळसुळाट झाला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुवा. पिठ्या ढेकूण असेल तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पुसून घ्या, तेवढ्याच फांदीपुरतं. आणि माव्यात फिरणारा काटेरी, करडा, छोट्या मगरीसारखा किडा दिसला तर त्याला हात लावू नका. ते लेडीबर्डचं पिल्लू असतं आणि ते मावाच खातं. मी असे कित्येक चिरडले असतील, चेहरा बघून.

सोसायटीत राहणाऱ्यांनी माळीबुवांशी आधीच बोलून ठेवा. आमच्याकडे एकदा "झाडांना कीड लागलीय" म्हणून पट्टीवर सरसकट फवारणी झाली आणि रुईवरच्या सगळ्या अळ्या एका दुपारीत गेल्या. भांडून काही होत नाही. आता मी पट्टीवर एक पाटी लावलीय: "फुलपाखरांची बाग. औषध मारू नये." पाटी वाचतात की नाही माहीत नाही, पण फवारणीवाला वळसा घालून जातो.

पावसाळ्यातले पाहुणे, हवेसे आणि नकोसे

आफ्रिकन गोगलगाय रात्री बाहेर पडते आणि कोवळी रोपं सफाचट करते. ही परदेशातून आलेली आणि बेसुमार वाढणारी. हिला दयामाया नाही: हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या घट्ट पाण्यात टाका. कवचासकट गाडून टाका, रस्त्यापलीकडे फेकू नका. ती परत येते.

बेडकासाठी फुटकी कुंडी आडवी करून अर्धी मातीत पुरा, तोंड सावलीकडे. वर पालापाचोळा. सापसुरळीही तिथं येते. मग पुढचा प्रश्न येतोच, साप येईल का? जमिनीवर बाग असेल तर कधीतरी येईल. आमच्या पट्टीत एकदा नानेटी दिसली, बेडकामागं आली होती. पालापाचोळ्याचा ढीग दारापासून आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब ठेवा, रात्री टॉर्चशिवाय हात घालू नका. साप दिसला की लांब उभं राहून नजर ठेवा आणि सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. बिनविषारी असेल असा अंदाज बांधून उचलायला जाणाऱ्यांत घोणस ओळखता न आलेलेही असतात.

पायरी ४: तण उपटण्याआधी (सप्टेंबर-ऑक्टोबर)

पाऊस ओसरला, ऊन पडलं की फुलपाखरांचा खरा मोसम. आणि नेमकं याच वेळी आपण दिवाळीच्या साफसफाईला निघतो. कुंडीतलं "नको ते" उपटण्याआधी ते काय आहे ते बघा.

आंबुशी म्हणजे तीन पानांची, आंबट चवीची, लहानपणी खाल्लेली. तिच्यावर पेल ग्रास ब्लू नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू वाढतं. घोळीवर, जिची आपण भाजी करतो, डॅनेड एगफ्लायची अळी असते. टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं. गवतावर इव्हनिंग ब्राउन, जे संध्याकाळी दिव्यापाशी घरात शिरतं आणि वाळक्या पानासारखं भिंतीवर बसून राहतं. एकदांडीची पांढरी-पिवळी फुलं म्हणजे फुलपाखरांची खाणावळ. मी एक कुंडी मुद्दाम मोकळी ठेवतो, तिच्यात काही लावत नाही. वाऱ्यानं, पक्ष्यांनी आणलेलं जे येईल ते येऊ देतो. माझी सगळ्यात कमी कष्टाची आणि सगळ्यात जास्त वर्दळीची कुंडी तीच. गाजरगवत मात्र फुलायच्या आत, हातमोजे घालून, मुळासकट उपटा.

याच दिवसांत एका ताटलीत बारीक माती भिजवून, चिमूटभर मीठ टाकून उन्हात ठेवा. नर फुलपाखरं क्षारांसाठी ओल्या मातीवर येऊन बसतात. याला चिखलपान म्हणतात. सोंड खाली आणि पंख मिटलेले, इतकी तल्लीन की फोनवर फोटो काढता येतो. पिकून काळं पडलेलं केळं ठेवलं तर फळं चोखणारी काही फुलपाखरं येतात, पण मुंग्या आणि चिलटं आधी येतात. तुमचं तुम्ही ठरवा.

नोंद ठेवायची सवय याच महिन्यात लावून घ्या. ई-बर्ड, आय-नॅचरलिस्ट अशी ॲप आहेत आणि ती चांगली आहेत. मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहितो, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. "करडा धोबी, पार्किंग, सकाळी ७." (धोबी म्हणजे पक्षी.) दोन-तीन वर्षांची कॅलेंडरं शेजारी ठेवली की कोण कधी येतं ते कळायला लागतं.

पायरी ५: झाडू खाली ठेवा (नोव्हेंबर ते जानेवारी)

थंडीत काम कमी. शेपटी सतत वरखाली करणारा धोबी सप्टेंबरपासूनच आलेला असतो. शेपटी थरथरवत भिंतीवर बसणारा थिरथिराही आता दिसेल. हे सगळे उत्तरेकडून आलेले हिवाळी पाहुणे, आणि किडे खाणारे. म्हणून पानगळ झाडून जाळू नका. कुंडीत आणि झाडाच्या बुंध्याशी बोटभर थर पसरा. ओल टिकते, खत होतं, आणि दयाळ पक्षी पानं उलटीपालटी करून खालचे किडे शोधतो.

अडुळसा आणि कोरांटी थंडीतच फुलतात, तेव्हा जूनमध्ये त्यांना जागा ठेवायला विसरू नका. बांबूचे वीतभर तुकडे, एका बाजूला पेर राहील असे कापून, जुडी बांधून पावसापासून आडोशाला टांगा. एकट्यानं राहणाऱ्या मधमाश्या त्यात घरटी करतात. गुलाबाच्या पानांना कडेनं कंपासनं कापल्यासारखे गोल दिसले तर घाबरू नका. पानकापी माशी ते तुकडे नेऊन घरट्यात अस्तर लावते. ती रागीट नसते, पोळं राखायचं नसतं ना तिला.

चिमणीसाठी घर लावायचं तर जानेवारीत लावा, म्हणजे वीण सुरू व्हायच्या आत तिला ते बघून ठेवता येतं. लाकडी खोका, भोक ३२ मिलिमीटर. त्याहून मोठं झालं की साळुंकी दावा सांगते. भोकाखाली बसायला काडी लावायची गरज नाही, तिचा उपयोग घरट्यावर डोळा असलेल्यांनाच होतो. तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, कारण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा दोन्ही पश्चिमेकडून. आठ-दहा फूट उंच, पंख्यापासून लांब. पहिल्या वर्षी कुणी आलं नाही तर काढू नका. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकारानं २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो, आणि त्या दिवशी वाटलेली कित्येक घरं पुढं अडगळीत जातात. घराबरोबर बाजरीची कुंडी आणि अळ्यांचं झाड नसेल तर चिमणीनं त्या घरात राहून खायचं काय?

पायरी ६: जळमटं राहू द्या (फेब्रुवारी-मार्च)

पळस-पांगारा फुलला, पहाटे अंधारातच दयाळ गायला लागला की घरट्यांचे दिवस आले. काही दिवस तो गाडीच्या आरशाशी भांडेल, स्वतःलाच प्रतिस्पर्धी समजून. आरशावर जुनी पिशवी चढवून ठेवा.

घरट्यांना लागणारं एक सामान आपण नेमानं झाडून टाकतो: कोळ्याची जाळी. शिंपी पक्षी दोन पानं शिवतो ती जाळ्याच्या आणि कापसाच्या धाग्यानं. चष्मेवाला या छोट्या पक्ष्याचं वाटीसारखं घरटं जाळ्यानं बांधलेलं असतं. शिंजीराचं लोंबतं घरटं तर पानं, साली, काड्या आणि जाळी यांचंच असतं. घरातली जळमटं काढा, पण ग्रिलच्या बाहेरची, पाइपामागची तशीच ठेवा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर एका शिंजीरणीनं घर बांधलं. पहिल्या दिवशी वाटलं, दोरीला कचरा अडकलाय. मी काढायला हात वर केला आणि ती कानाजवळून भुर्रकन गेली. मग मी दाराच्या फटीतून बघत बसलो. ती पाइपामागून जाळं चोचीत गुंडाळून आणायची, दोरीवर उलटी लटकून ते चोपडायची, आत शिरून छातीनं ढकलून जागा गोल करायची आणि पुन्हा जायची. नर समोरच्या तारेवर बसून गायचा. बांधकामात त्याचा हातभार दिसला नाही.

तुमच्याकडे असं झालं तर कपड्यांसाठी दुसरी दोरी बांधा आणि ही साधारण सव्वा महिना विसरून जा. अंड्यांवर बसणं दोन आठवडे, पिल्लं वाढायला आणखी दोनेक आठवडे. गॅलरीतला रात्रीचा दिवा बंद ठेवा. फोटोसाठी फ्लॅश नको, फांद्या बाजूला करणं नको, पाहुण्यांची रांग नको. पाणी घालायला जाल तेव्हा नेहमीच्या वेळी, नेहमीच्याच चालीनं जा. त्यांना तुमची सवय होते. पिल्लू खाली पडलेलं दिसलं आणि पिसं फुटलेली असतील तर ते उडायला शिकत असतं. मांजराच्या तोंडी जाणार नाही अशा जवळच्याच फांदीवर ठेवा आणि आत या, आई आसपास असतेच. उघडंबागडं, पिसं नसलेलं असेल तर परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकतात हे खरं नाही.

पिल्लं उडाल्यावरही घरटं लगेच काढू नका. आमचं मी दोरीवरच राहू दिलं होतं. पुढच्या महिन्यात एक चष्मेवाला येऊन त्यातले जाळ्याचे धागे उपसून घेऊन गेला.